जॉन सिंगल्टन कॉप्ले : बोस्टनचा चित्रकार

चित्रकलेचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे फ्लॉरेन्स, रोम, पॅरिस, लंडन हींच नांवें पानोपानीं भेटतात. जेथें राजे आणि धनिक, तेथें चित्रकार, ही गोष्ट आपण गृहीत धरूनच चालतों. परंतु जेथें राजवाडा नव्हता, चित्रशाळा नव्हती, शिकवावयास धड गुरु नव्हता, आणि थोर चित्रकाराच्या हातचें मूळ चित्र पाहावयाचें म्हटलें तर महासागर ओलांडावा लागे, अशा एका बंदराच्या शहरांत वाढलेल्या मुलानें त्या काळच्या कोणत्याहि नामांकित चित्रकाराच्या पंक्तीस शोभेल असें काम करून दाखविलें. या मुलाचें नांव जॉन सिंगल्टन कॉप्ले. त्याचा जन्म इ. स. १७३८ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें झाला. त्या वेळीं अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें अस्तित्वांत नव्हतीं. बोस्टन हें इंग्लंडच्या राजाच्या एका वसाहतीचें मुख्य शहर होतें, आणि त्याची वस्ती पंधरा-सोळा हजारांची होती. आमच्याकडील मध्यम प्रतीच्या तालुक्याच्या गांवाएवढेंच तें, असें विद्यार्थ्यांनीं समजावें.

कॉप्लेचे आईबाप आयर्लंडांतून येऊन तेथें स्थायिक झाले होते. बाप तंबाखूचा व्यापार करी. तो लवकरच वारला, आणि बोस्टनच्या लांब धक्क्यावरील तंबाखूचें दुकान आई एकटी चालवूं लागली. १७४८ सालीं तिनें पीटर पेलॅम नांवाच्या गृहस्थाशीं पुनर्विवाह केला. हा पेलॅम तांब्याच्या पत्र्यावर चित्रें खोदून त्यांचे ठसे छापण्याचा धंदा करीत असे; परंतु तेवढ्यावर पोट भरत नसल्यामुळें तो मुलांना वाचन, लेखन आणि नाच शिकवी व कांचेवर चित्रें काढण्याचेहि धडे देई. सावत्र बापाच्या घरांत दहा वर्षांच्या मुलास खोदकामाचीं हत्यारें, शाई, छापलेले ठसे आणि रंग हीं एकदम सांपडलीं. पण हें भाग्यहि तीनच वर्षें टिकलें. १७५१ सालीं पेलॅम वारला. बोस्टनमधील दुसरा चित्रकार जॉन स्मायबर्ट, ज्याच्या खोलींत इटालियन चित्रांच्या नकला टांगलेल्या असत, तोहि त्याच वर्षीं वारला. तेरा वर्षांचा कॉप्ले, त्याची विधवा आई, आणि दोन वर्षांचा सावत्र भाऊ हेन्री एवढीं मागें राहिलीं.

पुढें काय झालें तें एका तांब्याच्या पत्र्यावरून कळतें. १७५३ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, कॉप्लेनें रेव्हरंड विल्यम वेल्स्टीड या धर्मोपदेशकाचा ठसा छापून प्रसिद्ध केला. तो नीट न्याहाळला असतां असें दिसून येतें कीं पेलॅमनें पूर्वीं दुसऱ्या एका धर्मोपदेशकाचें चित्र खोदलेला पत्रा त्यानें घेतला, त्यावरील मुखवटा घांसून टाकला, खालचें नांव पुसलें, आणि धड तसेंच ठेवून त्यावर नवें डोकें बसविलें. कोणी यास लबाडी म्हणेल. आम्हांस तर यांत एका गरीब मुलाची काटकसर आणि धीटपणा दिसतो. नवा पत्रा विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि डोकें खोदण्याची छाती मात्र होती. मनुष्याच्या शरीराची रचना शिकविणारें कोणी नव्हतें, म्हणून वयाच्या अठराव्या वर्षीं त्यानें शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील हाडें आणि स्नायू यांचीं चित्रें वहींत उतरून काढलीं. १७५६ सालची ती वही लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जपून ठेविलेली आहे. चोविसाव्या वर्षीं त्यानें स्वित्झर्लंडमधील लिओतार या विख्यात चित्रकारास पत्र लिहून रंगाच्या कांड्या पाठविण्याची विनंती केली. ओळख ना देख, मध्यें अटलांटिक महासागर, आणि एक तरुण विचारतो कीं आपण जे रंग वापरतां ते मला मिळतील काय?

तो व्यक्तिचित्रें काढी, कारण बोस्टनच्या व्यापाऱ्यांना दुसरें कांहीं नको होतें. मोठ्या घरच्या स्त्रियांना आपलें चित्र लंडनच्या सरदारणीसारखें दिसावें अशी हौस असे. तेव्हां कॉप्ले इंग्लंडहून आलेल्या छापील ठशांतील पोषाख आणि बसण्याची ढब सरळ उचलून चित्रांत घाली. परंतु चेहरा मात्र कधीं उसना घेतला नाहीं. समोर बसलेल्या माणसाच्या गालाचा, कपाळाचा, हनुवटीचा रंग जसजसा बदलत जाई, तसतसा तो पात्यानें रंग कालवी, चेहऱ्याशेजारीं धरून पाही, आणि जुळला तरच कॅनव्हासवर लावी. एका बाईस सहा सहा तासांच्या पंधरा-सोळा बैठकी द्याव्या लागल्या असें सांगतात. समोरचें माणूस कंटाळून जाई. पण म्हातारपणाच्या सुरकुत्या, हाताच्या फुगलेल्या शिरा, मेजाच्या गुळगुळीत लांकडांत पडलेलें बोटांचें प्रतिबिंब हें सर्व चित्रांत जसेंच्या तसें उतरे. अमेरिका सोडण्यापूर्वीं त्यानें अशीं सुमारे ३५० चित्रें काढलीं.

एवढें असूनहि आपण खरोखर कोठें आहों, हें त्यास कळेना. गांवांत तुलना करावयास दुसरें कोणी नाहीं. मग स्तुति खरी कीं खोटी हें समजावें कसें? म्हणून १७६५ सालीं त्यानें कोणीं मागितलें नसतांना एक चित्र काढलें. हेन्री आतां सोळा वर्षांचा झाला होता. लांकडी मेजाच्या कडेशीं तो बसला आहे, मागें लाल पडदा आहे, हातांत सोन्याची बारीक सांखळी आहे, आणि त्या सांखळीला बांधलेली उडती खार मेजावर फळ कुरतडीत आहे. शेजारीं पाण्यानें भरलेला पेला आहे. कातडी, केंस, सोनें, कांच, पाणी, लांकूड. जें जें आपणांस साधतें तें तें सर्व त्यानें एका चित्रांत मांडलें. हें प्रश्नपत्रिकेचें उत्तरच होतें म्हणा ना. ब्रूस नांवाच्या जहाजाच्या कप्तानाबरोबर तें चित्र लंडनला गेलें आणि १७६६ च्या प्रदर्शनांत टांगलें गेलें.

त्या काळीं इंग्लंडांतील चित्रकारांचा मेरुमणि सर जोशुआ रेनॉल्ड्स हा होता. कॉप्लेस ज्या अडचणींतून काम करावें लागलें त्या पाहतां हें काम आश्चर्यकारक आहे, असा अभिप्राय त्यानें दिला. मात्र त्याबरोबर एक इशाराहि दिला : बोस्टनच्या त्या लहानशा जगांत हाताला एकदां कायमचें वळण लागून अभिरुचि बिघडण्यापूर्वीं या तरुणानें युरोपांत आलें पाहिजे. अमेरिकेंतूनच लंडनला जाऊन नांवलौकिकास चढलेला बेंजामिन वेस्ट यानेंहि प्रशंसा केली आणि चित्रांतील रेषा फार कठोर आहेत असा दोष दाखविला. कॉप्लेस लंडनच्या चित्रकारमंडळाचें सभासदत्व मिळालें. पुढच्याच वर्षीं त्यानें पाठविलेलें दुसरें चित्र मात्र तेथें फारसें रुचलें नाहीं.

या पत्रांनीं त्याच्या मनाची शांति घालविली असें आम्हांस वाटतें. घरीं त्याची मिळकत वर्षास तीनशें गिन्या होती, आणि ती लंडनच्या नऊशें गिन्यांबरोबर आहे असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. आजारी आई, शिकणारा भाऊ, जमलेलें बस्तान, हें सर्व टाकून जावें तर परदेशांत आपणांस कोण विचारणार? आणि न जावें तर जन्मभर खुजें राहावें लागणार. त्याच सुमाराच्या एका पत्रांत तो कडवटपणें तक्रार करतो कीं येथील लोक चित्रकला म्हणजे सुतारकाम, शिंपीकाम किंवा चांभारकाम यांसारखाच एक उपयोगी धंदा समजतात, जगांतील एक थोर कला असें मानीत नाहींत. याचें आपणांस फार दुःख होतें.

हें दुःख आम्हांस समजतें. आपल्याकडेहि पुष्कळ वडील माणसें चित्रकलेच्या तासाकडे गणिताच्या तासांतून उरलेला वेळ म्हणूनच पाहतात. परंतु कॉप्लेच्या तक्रारींत एक गंमत आहे. ती त्यानें केल्यानंतर वर्षभरांत, १७६८ च्या सुमारास, त्यानें काढलेलें एक चित्र पाहा. तें पॉल रिव्हीअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराचें आहे. अंगांत कोट नाहीं, पांढरा सदरा आहे. एका हातांत चहाची चांदीची किटली, दुसरा हात हनुवटीला. किटलीवर नक्षी कोरावयाची अद्याप बाकी आहे; मेजावर कोरणीचीं हत्यारें पडलीं आहेत. हा मनुष्य आतां काय कोरावें याचा विचार करीत आहे, आणि आपण आल्यामुळें क्षणभर मान वर करून पाहत आहे. सरदाराचा आव नाहीं, उसना पोषाख नाहीं. हाताच्या धंद्याशीं आपली तुलना केली म्हणून रागावणाऱ्या चित्रकारानें हाताच्या धंद्याचें इतकें मानाचें चित्र काढावें! तो स्वतः ठशांच्या दुकानांत, हत्यारांत वाढलेला होता; रिव्हीअरच्या बोटांना काय ठाऊक आहे, हें त्याच्या बोटांना ठाऊक होतें. रेनॉल्ड्ससारखे गृहस्थ ज्याला लहानसें जग म्हणत होते, त्या जगावांचून हें चित्र होणें नव्हतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इकडे वसाहतींत आणि इंग्लंडच्या सरकारांत बेबनाव वाढत चालला होता. ५ मार्च १७७० रोजीं बोस्टनच्या रस्त्यावर इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या व पांच माणसें प्राणांस मुकलीं. या प्रसंगाचें चित्र हेन्री पेलॅमनें, म्हणजे खारीच्या चित्रांतील त्या मुलानें, काढलें होतें. रिव्हीअरनें तें पाहून तसाच ठसा त्याच्या आधीं खोदून छापून विकला, आणि हेन्रीनें त्यास संतापाचें पत्र लिहिलें. रिव्हीअरचा तो ठसा सर्वतोमुखीं झाला. हेन्रीचें नांव मागें पडलें. कॉप्लेनें मात्र कोणत्याच पक्षाची बाजू घेतली नाहीं. स्वातंत्र्यवाद्यांचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स वसाहतीच्या सनदेकडे बोट दाखवून गव्हर्नरास जाब विचारीत आहे, असें जोरकस चित्र त्यानें काढलें. आणि इंग्रज सैन्याचा सेनापति जनरल गेज याचेंहि काढलें. चित्रकारास दोन्ही चेहरे सारखेच, आणि राजकारणांत पडणें कलेस घातक, असें त्याचें म्हणणें असे.

परंतु राजकारण त्याच्या घरांतच येऊन बसलें होतें. १७६९ सालीं त्याचा विवाह सुझॅना क्लार्क हिच्याशीं झाला. तिचा बाप रिचर्ड क्लार्क हा बोस्टनचा बडा व्यापारी. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचें नांव आपण इतिहासाच्या तासाला रोज ऐकतों, त्याच कंपनीचा चहा १७७३ सालीं बोस्टनला जावयाचा होता, आणि तो उतरवून घेणाऱ्या अडत्यांपैकीं क्लार्क हा एक होता. पार्लमेंटनें बसविलेला कर द्यावयाचा नाहीं म्हणून लोकांनीं चहा परत पाठवा असा हट्ट धरला. अडते जिवाच्या भीतीनें बंदरांतील बेटावरच्या किल्ल्यांत जाऊन राहिले. ३० नोव्हेंबर रोजीं हजारों लोकांची सभा भरली असतां कॉप्ले, जो स्वभावानें भित्रा आणि चारचौघांत बोलावयास बिचकणारा, तो उभा राहिला. अडते सभेपुढें आले तर त्यांच्या केंसासहि धक्का लागणार नाहीं असें वचन त्यानें सभेकडून घेतलें आणि होडींतून किल्ल्यावर गेला. पण अडते आले नाहींत. तो एकटाच परतला, उशीर झाल्याबद्दल त्यानें सभेची क्षमा मागितली, सासऱ्याच्या वतीनें चार समजुतीचे शब्द सांगितले. सभेनें ते अपुरे ठरविले. १६ डिसेंबरच्या रात्रीं चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या. त्या बैठकींत कॉप्लेस यश आलें असतें तर पुढचा इतिहास बदलला असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोन्ही बाजूंचे चेहरे इतके जवळून पाहिलेला दुसरा मध्यस्थ त्या गांवांत नव्हता, हें खरें.

पुढल्या एप्रिलांत मध्यरात्रीं एक जमाव त्याच्या दारीं आला. राजपक्षाचा एक गृहस्थ त्या दिवशीं त्याच्याकडे पाहुणा आला होता; तो कोठें आहे, असें लोक विचारूं लागले. पाहुणा निघून गेला होता. असल्या माणसास पुन्हां थारा दिलास तर परिणाम तुझ्याच माथ्यावर, अशी धमकी देऊन जमाव गेला. मी त्यास रात्रभर राहण्याचा आग्रह केला होता, तो राहिला असता तर मीं काय करावयाचें होतें? मित्रास जमावाच्या हवालीं करावयाचें, कीं घर पाडूं द्यावयाचें? अशा अर्थाचें त्याचें पत्र उपलब्ध आहे. दोन महिन्यांनीं, जून १७७४ मध्यें, तो इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. थोडें शिकून परत यावें असा बेत होता. तो परत कधींच आला नाहीं.

कॉप्ले इटलींत जुन्या चित्रांच्या नकला करीत असतां १७७५ च्या एप्रिलांत घरीं युद्ध सुरू झालें. त्याची पत्नी तीन मुलांना घेऊन लंडनला निघाली. सर्वांत धाकटें मूल इतकें अशक्त होतें कीं त्याला प्रवास झेपला नसता. तें आजीजवळ ठेविलें, आणि तें लवकरच वारलें. आजीहि बोस्टनलाच राहिली व १७८९ सालीं तेथेंच मरण पावली. मायलेकांची भेट पुन्हां झाली नाहीं. सर्व मंडळी लंडनमध्यें एकत्र आल्यावर कॉप्लेनें आपल्या कुटुंबाचें एक मोठें चित्र काढलें. मध्यें आई लहान मुलाला कुशींत घेते आहे, सासरे रिचर्ड क्लार्क मांडीवरच्या नातवंडासह बसले आहेत, आणि स्वतः चित्रकार मागें एका कडेला कागद घेऊन उभा आहे. तो आपल्याकडे पाहतो, बाकीच्यांकडे नव्हे.

लंडनमध्यें त्यास कीर्ति मिळाली, आणि ती एका शाळकरी वयाच्या मुलामुळें मिळाली. ब्रुक वॉटसन हा पोरका मुलगा जहाजावर नोकरीस होता. १७४९ सालीं, चौदा वर्षांचा असतां, हवाना बंदरांत तो पोहत होता. इतक्यांत एका शार्क माशानें, कोंकणांतील कोळी ज्यास मुशी म्हणतात त्या जातीच्या माशानें, त्याचा पाय धरला. होडींतील सोबत्यांनीं त्यास वांचविलें, परंतु उजवा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. पुढें हा लांकडी पायाचा मनुष्य मोठा व्यापारी झाला आणि १७९६ सालीं लंडनचा लॉर्ड मेयर झाला. कॉप्लेनें हा प्रसंग १७७८ च्या प्रदर्शनांत मांडला. पाण्यांत उताणा पडलेला मुलगा, जबडा वासून वळलेला मासा, वांकून हात पुढें करणारे दोन खलाशी, भाला उगारलेला तिसरा, आणि सर्वांच्या वर, चित्राच्या शिखरावर, दोर हातांत घेतलेला एक कृष्णवर्णीय खलाशी. ज्या काळीं त्या वंशाच्या माणसांना बाजारांत विकीत असत, त्या काळीं चित्रांतील सर्वांत उंच जागा त्यास देण्यांत आली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. कॉप्लेनें हवाना पाहिलें नव्हतें. आणि मासा तर त्यानें असा काढला आहे कीं त्याला चक्क ओठ आहेत! आपल्या किनाऱ्यावरील कोणताहि कोळ्याचा मुलगा ती चूक पहिल्या नजरेंत दाखवील. तरी चित्रापुढें उभा राहणारा मनुष्य ओठ मोजीत बसत नाहीं. त्या मुलापर्यंत हात पोंचतो कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. वॉटसननें मृत्युपत्रानें आपलें चित्र गरीब मुलांच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेस दिलें. तें सध्यां वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांत आहे.

यानंतरचीं त्याचीं भव्य ऐतिहासिक चित्रें आम्ही धांवतीं उल्लेखून पुढें जातों. लॉर्ड चॅटम पार्लमेंटांत कोसळला त्या प्रसंगाचें चित्र त्यानें स्वतःच पैसे घेऊन दाखविलें आणि वीस हजार लोकांनीं तें पाहिलें. जिब्राल्टरच्या वेढ्याचें चित्र सुमारे १८ फूट उंच व २५ फूट रुंद आहे. टिपूशीं लढतांना पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा ज्याच्या बाजूस होत्या, त्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचेंहि चित्र त्यानें काढलें. हीं कामें मोठीं आहेत, कुशल आहेत. पण रिव्हीअरच्या चित्रापुढें जसे आपण थबकतों तसे येथें थबकत नाहीं. शिकावयास म्हणून जें तो युरोपांत शोधीत होता तें त्यास मिळालें, आणि जें घेऊन आला होता तें हळूहळू हातांतून निसटलें, असा आमचा समज आहे. याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे.

एक लहानसा प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. एल्केना वॉटसन नांवाच्या अमेरिकन व्यापाऱ्याचें चित्र तो काढीत होता. मागच्या बाजूस समुद्र आणि जहाज होतें. पण जहाजाच्या डोलकाठीवरील निशाण कॉप्लेनें मुद्दाम रिकामें ठेविलें होतें. ५ डिसेंबर १७८२ रोजीं राजानें पार्लमेंटांत भाषण करून अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें. दोघेहि तें ऐकावयास गेले होते. परत येतांच कॉप्लेनें कुंचला उचलला आणि त्या रिकाम्या निशाणांत तारे आणि पट्टे रंगविले. वॉटसननें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं जुन्या इंग्लंडांत फडकलेलें अमेरिकेचें तें पहिलें निशाण असावें. ज्यानें घर सोडतांना कोणतीच बाजू घेतली नव्हती, त्यानें आठ वर्षांनीं परक्या देशांत, स्वतःच्या खोलींत, एवढें तरी केलें.

उतारवयांत दिवस फिरले. लोकांची आवड बदलली, मोठीं चित्रें विकली जाईनात, कर्ज वाढलें. बोस्टनच्या टेकडीवर त्याची सुमारे वीस एकर जमीन होती. त्याच्या मुखत्यारानें १७९५ सालीं ती विकण्याचा करार केला. शेजारींच नवें सरकारी सभागृह उभें राहत असून जमिनीचा भाव चढणार, हें त्यास मागाहून कळलें. आपण फसलों म्हणून त्यानें मुलास अमेरिकेंत धाडलें, पण व्यवहार मोडतां आला नाहीं. थोरली मुलगी एलिझाबेथ १८०० सालीं बोस्टनच्या एका व्यापाऱ्याशीं लग्न करून तिकडे गेली. कुटुंबांतील तेवढी एकच जन्मगांवीं परतली. म्हाताऱ्या बापास जांवयाकडून पैसे उसने घ्यावे लागत. ९ सप्टेंबर १८१५ रोजीं कॉप्ले लंडनमध्यें वारला व क्रॉयडन येथें त्यास मूठमाती देण्यांत आली. बोस्टनमध्यें जन्मलेला त्याचा मुलगा पुढें लॉर्ड लिंडहर्स्ट या नांवानें तीन वेळां इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. खारवाला हेन्री आयर्लंडांत १८०६ सालीं पाण्यांत बुडून मेला होता.

पॉल रिव्हीअरचें चित्र त्याच्या वंशजांनीं १९३० सालीं बोस्टनच्या ललितकला संग्रहालयास दिलें. उडत्या खारीचें चित्र कॉप्लेच्या पणतीकडून १९७८ सालीं त्याच संग्रहालयास मिळालें. एकमेकांवर रागावलेले ते दोघेजण, एक चांदीच्या किटलीवर आणि दुसरा सोन्याच्या सांखळीवर हात ठेवून, तेथें एकाच छपराखालीं आहेत.